पोखऱ्याचा पत्ता

बुधवार पेठ म्हटलं, की बाहेरगावच्या माणसाला दगडूशेठ हलवाई गणपती आठवतो. शाळा-कॉलेजच्या पोरांना अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं आठवतात. आणि काही माणसं पेठेचं नाव ऐकून नुसतीच हसतात. त्या हसण्याचा अर्थ आम्हा पेठेतल्या मुलांना फार लवकर कळला. कॉलेजात कुणी 'राहतोस कुठे?' असं विचारलं, तर मी 'लक्ष्मी रोडजवळ' म्हणायचो. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

आज मी तुम्हाला बसने सीमा ओलांडून केलेल्या एका प्रवासाबद्दल सांगणार आहे. नेपाळातलं पोखरा हे तळ्याकाठचं गाव. पण त्या गावाचं नाव मी नकाशात नंतर पाहिलं, पाकिटावर आधी लिहिलं. म्हणून सुरुवात पेठेतूनच करतो.

अब्बांचं बाइंडिंगचं दुकान होतं. जमाखर्चाच्या चोपड्या, कॉलेजातले प्रबंध, लायब्ररीची फाटकी पुस्तकं आणि दिवसभर खळीचा वास. मागच्या गल्लीतल्या माड्यांवर ज्या बायका राहायच्या, त्यांत नेपाळच्या बऱ्याच होत्या. ही १९८८-८९ ची गोष्ट. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. हे पोर काहीतरी लिहीत बसतं, एवढी माझी कीर्ती गल्लीत पोचली होती. एके दिवशी त्यांच्यातली एक दुकानात आली आणि अब्बांना म्हणाली, 'चाचा, भाईसे एक चिठ्ठी लिखवानी है.' अब्बांनी हातातली कात्री खाली ठेवली, तिला बसायला स्टूल दिलं आणि मला म्हणाले, 'लिख दे.'

तेव्हापासून तीन-चार वर्षं मी तिची पत्रं लिहिली. मी तिला दीदी म्हणायचो. मजकूर हिंदीत असे आणि जवळजवळ ठरलेला असे: मी बरी आहे, काम चांगलं आहे, पैसे अमक्याबरोबर पाठवलेत, आईला औषध आणा. पाकिटावर पत्ता लिहायचा: अमुक गाव, पोखरा, जिल्हा कास्की, गण्डकी अञ्चल, नेपाळ. मागे पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र आमच्या दुकानाचा. 'बाइंडिंग की दुकान में काम करती हूँ,' असं तिनं घरी कळवलं होतं. अब्बांना हे ठाऊक होतं. ते काही बोलले नाहीत.

उत्तरं नेपाळीत येत. लिपी देवनागरीच, तेव्हा मी अडखळत वाचून दाखवी आणि ती अर्थ सांगे. असे काही शब्द माझ्याकडे जमा झाले. छोरी म्हणजे मुलगी. माइती म्हणजे माहेर. एका पत्रात तिच्या भावानं लिहिलं होतं की तू 'मुगलान'ला गेलीस ती आलीच नाहीस. मला वाटलं, हा टोमणा आमच्या घराला आहे! दीदी हसली. मुगलान म्हणजे हिंदुस्थान. मोगलांचा मुलूख, म्हणून मुगलान. मोगल जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पोट भरायला डोंगर उतरून खाली येणारा नेपाळी माणूस आपल्या देशाला याच नावानं ओळखत आला. मराठी कवितेत वापरावा असा हा शब्द आहे. मला अजून तो नीट बसवता आलेला नाही.

ती पुण्यात कशी आली, हे तिनं एकदाच सांगितलं. पंधरा-सोळा वर्षांची होती. गावच्या ओळखीतली एक बाई 'शिवणकाम देते' म्हणून घेऊन निघाली. पोखऱ्याहून बस, मग थोडं चालणं, मग पुन्हा बस. मधे देश बदलला हे तिला कळलंच नाही. पाट्यांवरची अक्षरं तीच, माणसांचे चेहरेही फारसे वेगळे नाहीत. चहावाल्यानं सुटे पैसे परत दिले, त्या नोटांवरचं चित्र वेगळं होतं, तेव्हा तिच्या लक्षात आलं. 'किसीने कुछ पूछा ही नहीं,' ती म्हणाली.

हे वाक्य माझ्या डोक्यात तीस-पस्तीस वर्षं राहिलं. २०२३ च्या डिसेंबरात आमच्या पेठेतल्या एका ओळखीच्या माणसानं नेपाळची सहल काढली, तेव्हा मी आणि बायकोनं लगेच नावं दिली. पुण्याहून गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बस, बत्तीस माणसं. आमच्या घरात प्रवासाला निघताना कपड्यांआधी कागदांची फाइल भरली जाते. आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला. बायको म्हणाली, 'बी.ए.चं सर्टिफिकेटपण घ्या.' मी घेतलंही असतं.

बसने सीमा ओलांडायची म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे वाघा येतं. काटेरी तारा, व्हिसा, पोलिसांच्या पहाऱ्यातली बस. दिल्ली-लाहोर बस १९९९ साली सुरू झाली, २०१९ साली बंद पडली. सुनौलीची सीमा पाहणाऱ्याला यातलं काही सापडत नाही. गोरखपूरपासून साधारण शंभर किलोमीटरवर एक गजबजलेला बाजार लागतो. डाव्या हाताला मालमोटारींची न संपणारी रांग. रस्त्यावर एक कमान, तिच्या पलीकडे दुसरी कमान. त्यांच्यामधून सायकलरिक्षा, शेळ्या, दप्तरं घेतलेली मुलं, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका ये-जा करत असतात. हे भारतातलं सुनौली आणि ते नेपाळातलं बेलहिया. मधे मंडईतल्या दोन गाळ्यांइतकंच अंतर.

हे असं का, ते थोडं सांगायला हवं. इंग्रज आणि गोरखा राज्य यांच्यात लढाई झाली आणि १८१६ साली सुगौलीचा तह लागू झाला. तेव्हा ही सीमा कागदावर आली. पण इंग्रजांना डोंगरातले जवान फौजेसाठी हवेच होते. ते खाली उतरायचे थांबले नाहीत, थांबावेत अशी कुणाची इच्छाही नव्हती. पुढे ३१ जुलै १९५० रोजी स्वतंत्र भारत आणि नेपाळ यांच्यात काठमांडूला शांतता व मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमात म्हटलं आहे की एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहणं, मालमत्ता घेणं, धंदा करणं आणि फिरणं या बाबतींत सवलती मिळतील. तेव्हापासून सुमारे साडेसतराशे किलोमीटरची ही सीमा उघडी आहे. २००१ पासून आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान असतात. ते सामान तपासतात, संशय आला तर थांबवतात. भारतीय किंवा नेपाळी माणसाला व्हिसा लागत नाही. विमानानं गेलात तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवावं लागतं. रस्त्यानं जाताना ओळखीचा कागद जवळ असावा, इतकंच.

म्हणजे माणसांना फारसं कुणी विचारत नाही. बसला मात्र विचारतात! आमच्या बसचे कागद नेपाळी 'भन्सार'मध्ये, म्हणजे जकातीच्या कचेरीत, दोन तास अडकले होते. पाट्या वाचण्यात मराठी माणसाचा वेळ बरा जातो. पोलिसाला तिकडे 'प्रहरी' म्हणतात, परदेशी लोकांच्या नोंदणीच्या कचेरीला 'अध्यागमन'. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. आपले शंभर रुपये म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा दर १९९३ पासून बदललेला नाही. दुकानदार 'आयसी की एनसी?' असं विचारतो, म्हणजे भारतीय पैसे देणार की नेपाळी.

मी फाइल बगलेत धरून कमानीखालून चालत गेलो. धुकं होतं. जवानानं माझ्याकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं आणि हातानंच 'चला' अशी खूण केली. मी पलीकडे जाऊन उभा राहिलो. फाइल उघडावी लागली नव्हती. खरं सांगतो, मला थोडं चुकल्यासारखं वाटलं.

या तराईतून माझ्याआधी फार मोठी माणसं गेली आहेत. सत्तावनच्या उठावानंतर इंग्रजी फौजेपुढे माघार घेत नानासाहेब पेशवे आणि अवधची बेगम हजरत महल, दोघंही नेपाळात शिरले. नानासाहेबांचं पुढे काय झालं, याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही. बेगम परतली नाही. १८७९ साली ती काठमांडूला वारली, तिची कबरही तिथेच आहे. योगायोग असा की त्याच १८७९ साली आमच्या पेठेतला बुधवार वाडा आगीत गेला. नानासाहेबांच्या दत्तक वडिलांनी, म्हणजे दुसऱ्या बाजीरावांनी बांधलेला. बसमधल्या मंडळींना मी हे सांगितलं, तर एक काका म्हणाले, 'म्हणजे इथून जायची परंपरा आपल्याच पेठेची!' सगळे हसले. मीही हसलो.

बस सुटायची वाट पाहताना मला रस्त्याकडेला एक टपरीवजा खोली दिसली. बाहेर दोन बायका खुर्च्या टाकून बसल्या होत्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती. नेपाळातून भारतात जाणाऱ्या बाजूवर त्यांचं लक्ष होतं. एक सायकलरिक्षा आली. तिच्यात एक तरुण आणि दोन मुली होत्या. बाई उठली, रिक्षाच्या दांड्यावर हात ठेवला आणि बोलू लागली. आवाज चढवला नाही. थोड्या वेळानं तरुण एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला. त्यांची पद्धत आमच्या नेपाळी वाटाड्यानं समजावून सांगितली. दोघांना वेगवेगळं विचारायचं: कुठे चाललात, कशाला, हा तुझा कोण, त्याच्या आईचं नाव काय. उत्तरं जुळली नाहीत, तर घरचा फोन नंबर घेऊन घरी विचारायचं. अशा कामातल्या बऱ्याच बायका स्वतः कधीतरी याच वाटेनं खाली नेल्या गेलेल्या असतात. म्हणून कुठला प्रश्न कुठे विचारायचा, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

हे काम नेपाळात उभं केलं त्यांत अनुराधा कोइराला यांचं नाव मोठं. काठमांडूत शाळेत शिकवणाऱ्या या बाईंनी १९९३ साली संस्था काढली. भारत सरकारनं २०१७ साली त्यांना पद्मश्री दिली. संस्थेचं नाव आहे 'माइती नेपाळ'. माइती म्हणजे माहेर, हे मला दीदीच्या पत्रांतून ठाऊक होतं. विकल्या गेलेल्या मुलींसाठीच्या संस्थेला 'माहेर' म्हणावं, याच्यामागचं दुखणं मराठी बाईला समजावून द्यायला नको.

कारण खरी अडचण परतीची आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत पोलिसांनी मोठे छापे घातले आणि शेकडो मुली सोडवल्या. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या नेपाळच्या होत्या. त्यांना घरी पाठवायचं, तर नेपाळ सरकारनं विचारलं, या आमच्याच कशावरून? पुरावा काय? पुरावा कुठून असणार? सीमेवर कुणी कागद मागितला नव्हता, म्हणून कागद नव्हता. पाच महिने त्या मुली मुंबईतच अडकून पडल्या. शेवटी जुलैत नेपाळमधल्या संस्थांनी पुढाकार घेतला आणि सव्वाशेवर मुली काठमांडूला नेल्या. नेपाळच्या तेव्हाच्या, म्हणजे १९९० च्या राज्यघटनेत नागरिकत्व बापाकडून मिळायचं. 'नागरिकता' नावाचा दाखला हवा असेल, तर बापानं, भावानं किंवा नवऱ्यानं 'ही आमची' म्हणून सांगावं लागे. २००६ च्या कायद्यानं आईच्या नावानंही वाट मोकळी केली, पण अडथळे सगळे गेले नाहीत. इथे जन्मलेल्या मुलाचा बाप कोण, या प्रश्नावर आजही एखादी आई कचेरीच्या दारातून मागे फिरते.

दीदी १९९२ साली एकदा परत गेली होती. साठवलेले पैसे, आईसाठी स्वेटर, भावाच्या मुलांना वह्या. वह्या अब्बांनी स्वतः बांधून दिल्या होत्या. दोन महिन्यांत ती पुन्हा गल्लीत दिसली. जमिनीतल्या वाट्यासाठी दाखला काढायला गेली, तर भाऊ साक्षीला उभा राहिला नाही. एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा पत्र लिहायला कधी आली नाही. पुढे ती पेठेतून कुठे गेली, हे मला ठाऊक नाही. जाताना ती सांगून गेली नाही आणि मीही शोध घेतला नाही. तेव्हा माझं नवीन लग्न झालं होतं आणि माझा पहिला कवितासंग्रह निघायचा होता. त्यात 'माहेर' या शब्दावर कविता होती. दीदीवर एकही नव्हती.

सुनौलीच्या टपरीजवळ आणखी एक प्रसंग पाहिला, तोही सांगायला हवा. पंचविशीची एक मुलगी पाठीला सॅक लावून एकटी चालली होती. बाईनं तिला थांबवलं. ती चिडली. काय म्हणाली ते वाटाड्यानं सांगितलं: 'माझा भाऊ काल याच रस्त्यानं गेला, त्याला का नाही विचारलंत?' ती कुठल्याशा परीक्षेला गोरखपूरला निघाली होती. तिचा राग मला पटला. पहारा बायकांच्या सुरक्षिततेसाठी बसवतात आणि त्यात बायकाच अडकतात. २०२१ साली नेपाळात असा प्रस्ताव आला होता की चाळिशीच्या आतल्या बाईला पहिल्यांदा आखाती किंवा आफ्रिकी देशांत जायचं, तर घरच्यांचं आणि वॉर्डाचं संमतीपत्र लागेल. त्यावर काठमांडूत बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांचं बरोबर होतं. आणि त्या टपरीतल्या बाईचंही मला चूक वाटलं नाही. पंधरा वर्षांच्या दीदीला कुणीतरी एवढं विचारलं असतं, 'ही तुझी कोण?', तर? सीमा बंद करा म्हणणारे लोक दोन्हीकडे आहेत. पण तारा लावल्या तर मधेश आणि गोरखपूरकडचे सोयरेधायरे तुटतील, रोजगार तुटेल. आणि माणसं विकणारा तारेतूनही वाट काढतोच. आता तर तो सरळ दिल्लीहून आखातात जाणाऱ्या विमानात बसवतो.

असो. बस निघाली. बुटवलपर्यंत सपाट तराई. मग रस्ता एकदम डोंगरात घुसतो. सिद्धबाबाच्या देवळापाशी कडा रस्त्यावर झुकलेला आहे, पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात. ड्रायव्हरनं वेग कमी केला, हात जोडले आणि मग गाडी जोरात काढली. सुनौली ते पोखरा हा सिद्धार्थ राजमार्ग भारताच्या मदतीनं झाला. अंतर पावणेदोनशे-एकशे ऐंशी किलोमीटर, पण वळणं इतकी की आम्हाला नऊ तास लागले. पाल्प्याच्या पुढे रामदीला काली गंडकीचा पूल येतो. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी बस थांबवायला लावली. त्यांच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम याच नदीच्या वरच्या अंगाचा. त्यांनी पाण्याला हात लावून डोळ्यांना लावला. मी पण खाली उतरलो. पाणी थंडगार होतं, राखाडी रंगाचं.

स्याङ्जामार्गे पोखऱ्याला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. सकाळी खिडकी उघडली तर माछापुच्छ्रे समोर. जवळजवळ सात हजार मीटर, माशाच्या शेपटीसारखा दुभंगलेला. खाली फेवा ताल. राराच्या खालोखाल हे नेपाळातलं दुसरं मोठं तळं. मधल्या बेटावर बाराहीचं देऊळ, काठाला रंगीत होड्या. सहलीतली मंडळी फोटो काढण्यात गुंतली. मला पाटी दिसली ती वेगळीच. पोखऱ्यात भारतीय सेनेची पेन्शन देणारी कचेरी आहे. आपल्या गोरखा पलटणींत नोकरी करून परतलेले म्हातारे तिथे येतात. कोट, टोपी, कोटावर पदकांची पट्टी. तेही तरुणपणी याच रस्त्यानं, याच कमानीखालून मुगलानला उतरले होते. २०२२ साली आपल्याकडे अग्निपथ योजना आली आणि नेपाळातून नवी भरती थांबली. पण जुन्यांची पेन्शन चालू आहे. त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेले कागद होते. माझ्या फाइलीसारखेच.

दुपारी मी एकटाच होडीत बसलो. होडीवाला साठीचा असेल. तोही कधीकाळी मुंबईत वॉचमन होता, हिंदी चांगलं बोलायचा. तळ्याच्या मध्यावर आल्यावर मी त्याला त्या गावाचं नाव विचारलं. पाकिटावर इतक्यांदा लिहिलेलं, म्हणून स्पेलिंगसकट पाठ असलेलं. त्यानं वल्हं थांबवून उत्तरेकडच्या डोंगरावर बोट दाखवलं. 'ते काय, वर, पांढरी घरं दिसतात ना? आता गाडी जाते तिथवर. अर्धा-पाऊण तास. माझी बहीण तिथेच दिलीय. तुमच्या ओळखीचं कोण आहे, दाइ?'

'आमच्या शेजारी एक होत्या. पुण्यात. फार वर्षांपूर्वी.'

'नाव काय? छोटं गाव आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात.'

मी त्या पांढऱ्या घरांकडे पाहत राहिलो. मग म्हटलं, 'आता नाव आठवत नाही.'

त्यानं मान हलवली आणि होडी बाराहीच्या बेटाकडे वळवली.